बोलू द्या, पेनड्राइव्ह मात्र खिशातच राहू द्या

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकमध्ये एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर रविवारी सकाळी वीस-पंचवीस जण आपापले कॉम्प्युटर घेऊन जमतात. कोणाचा पंखा घरघर करतो, कोणाला जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकायचं असतं. विचारणारे गृहस्थ हा कट्टा चालवतात. मध्यंतरी इंजिनिअरिंगच्या एका मुलाने विचारलं, "सर, पुढच्या वेळी हॅकिंटॉश करून दाखवू का?" हॅकिंटॉश म्हणजे साध्या असेंबल पीसीवर ॲपलची मॅकओएस ही प्रणाली चालवणं. त्याच दिवशी दुसऱ्या एकाने टेलिग्रामवरून उतरवलेलं 'लाइट विंडोज', म्हणजे कोणीतरी भाग कापून हलकं केलेलं विंडोज, पेनड्राइव्हवर आणून चौघांना वाटलं. कार्यकारिणीतल्या एका ज्येष्ठांनी ते पाहिलं आणि ठणकावलं, "ही चोरी आहे. असले विषय आपल्या वास्तूत नकोत." मुलांचं म्हणणं, शिकायला काय हरकत आहे? आता यांनी करावं काय?

मी २००१ पासून नाशिकमध्ये मशीन जोडतोय. आधी दुसऱ्याच्या दुकानात, मग शरणपूर रोडला छोटा गाळा, आता सिडकोत घराखालीच टेबल टाकलंय. हॅकिंटॉश स्वतः केलेत, लोकांना करून दिलेत आणि त्यापायी पस्तावलोही आहे. तेव्हा उत्तर जरा लांबेल.

पहिली गोष्ट म्हणजे तुमच्याकडे एक नाही, दोन प्रश्न आलेत आणि ते एकाच रविवारी आल्यामुळे एकमेकांत मिसळलेत. त्या मुलाला करून दाखवायचंय. दुसऱ्याने वाटून टाकलंय. ज्येष्ठांना दोन्ही सारखंच दिसलं, त्यात त्यांची चूक नाही. लांबून दोन्हीकडे पेनड्राइव्हच दिसतो. पण माझ्या मते तुमचा सगळा निर्णय या फरकावरच उभा राहायला हवा.

'अनधिकृत' हा शब्दही थोडा बाजूला ठेवा, कारण तो फसवा आहे. मी धंद्यात आलो तेव्हा असेंबल पीसी हाच लोकांना अनधिकृत वाटायचा. "कंपनीचा घ्या, असेंबलचं काय खरं?" असं म्हणून गिऱ्हाईक उठून जायचं. मुळात असेंबल पीसीचा जन्मच नकलेतून झालेला आहे. आयबीएमने १९८१ मध्ये पीसी काढला. त्यातले बहुतेक भाग बाजारात मिळणारे होते, फक्त बायोस, म्हणजे मशीन चालू होताच पहिला चालणारा प्रोग्रॅम, आयबीएमचा. कॉम्पॅकने तो बायोस उचलला नाही. तो काय काय करतो हे एका गटाने लिहून काढलं आणि मूळ कोड कधीही न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने तेच काम करणारा नवा बायोस लिहिला. १९८३ मध्ये त्यांचं मशीन बाजारात आलं. त्याच सुमाराला काहींनी आयबीएमचा बायोस जवळपास जसाच्या तसा वापरला, तर आयबीएमने त्यांच्यावर दावे ठोकले आणि त्यांना माघार घ्यावी लागली. समजून घेऊन स्वतः लिहिणारा तरला, उचलणारा अडकला. चाळीस वर्षं झाली, पण तुमच्या वरच्या खोलीत अजून तोच प्रश्न आहे.

आता हॅकिंटॉश. २००५ च्या जूनमध्ये स्टीव्ह जॉब्सने जाहीर केलं की मॅक इंटेलच्या प्रोसेसरवर जाणार, आणि जानेवारी २००६ मध्ये पहिले इंटेल मॅक आले. प्रोसेसर तोच, रॅम तीच, मग मॅकओएस आपल्या मशीनवर का चालू नये, हे जगभरच्या उद्योगी लोकांच्या लगेच डोक्यात आलं. आज त्यासाठी बहुतेक जण ओपनकोर नावाचा बूटलोडर, म्हणजे मशीन चालू झाल्यावर प्रणाली सुरू करून देणारा प्रोग्रॅम, वापरतात. त्याआधी क्लोव्हर होता, त्याआधी कॅमेलिऑन. मॅकओएस सुरू होण्याआधी हा मध्ये बसतो आणि तिला पटवतो की खाली मॅकचंच हार्डवेअर आहे. मॅकमध्ये एसएमसी नावाची एक चिप असते, ती आपल्याकडे नसते. म्हणून व्हर्च्युअलएसएमसी नावाचा सॉफ्टवेअरचा तुकडा तिचं सोंग घेतो. ओपनकोर काय, हे तुकडे काय, सगळे मुक्त स्रोताचे आहेत, म्हणजे त्यांचा कोड सगळ्यांना खुला आहे. ते उतरवण्यात, वाचण्यात, समजावून सांगण्यात कसलीही चोरी नाही.

अडचण मॅकओएसची आहे. तिच्या परवान्यात स्पष्ट लिहिलंय की ती फक्त ॲपलचं नाव असलेल्या कॉम्प्युटरवरच टाकायची. कॅबिनेटला सफरचंदाचं स्टिकर चिकटवलं की झालं ॲपलचं मशीन, हा हॅकिंटॉशवाल्यांचा जुना विनोद. (नाशिककरांनी द्राक्षाचं लावून बघावं.) विनोद ठीक आहे, तो कोर्टात चालत नाही. तुमची मुलं विचारतील, "मॅकओएस तर २०१३ पासून फुकट आहे, मग चोरी कशाची?" फुकट आहे, पण अट घालून फुकट आहे. देवळातला प्रसाद फुकट मिळतो म्हणून परात उचलून घरी नेता येत नाही. गंमत म्हणजे मॅकओएसच्या पोटात 'डोन्ट स्टील मॅक ओएस एक्स' याच नावाची एक फाइल बसवलेली आहे. ॲपलने काय म्हणायचं ते आत लिहूनच ठेवलंय.

या बाबतीत सगळ्यात गाजलेला खटला अमेरिकेतल्या सायस्टार या कंपनीचा. फ्लोरिडातली ही मंडळी २००८ मध्ये मॅकओएस टाकलेले पीसी उघडपणे विकायला लागली. मॅकओएसच्या प्रती आम्ही पैसे देऊन विकत घेतो, असं त्यांचं म्हणणं होतं. ॲपलने जुलै २००८ मध्ये दावा लावला आणि नोव्हेंबर २००९ मध्ये निकाल ॲपलच्या बाजूने गेला. कारण बदललेल्या प्रती तयार करून विकणं आणि ॲपलने मॅकओएसला घातलेलं डिजिटल कुलूप चुकवणं. अपिलातही २०११ मध्ये तेच कायम राहिलं. दुसरीकडे, स्वतःच्या घरात एकट्याने हॅकिंटॉश केला म्हणून ॲपलने कोणाला कोर्टात खेचल्याचं माझ्या तरी कानावर कधी आलेलं नाही. म्हणून ते कायदेशीर ठरतं असं मी म्हणत नाही. धोका कुठे दाट आहे आणि कुठे पातळ, एवढंच यातून दिसतं. विकणं, वाटणं, दुसऱ्याला करून देणं इथे तो दाट आहे.

आपल्याकडचा कायदाही पाहून ठेवा. मी वकील नाही, पण धंद्यापायी हे वाचावं लागलंय. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ काही गोष्टी मोकळ्या सोडतं. कायदेशीररीत्या हातात आलेला प्रोग्रॅम कसा चालतो हे पाहणं, अभ्यासणं, तपासणं त्यात येतं. दुसऱ्या प्रोग्रॅमशी तो जुळावा म्हणून लागणारी माहिती काढणंही येतं. कलम ६३ब मात्र कडक आहे. बेकायदा प्रत आहे हे माहीत असून ती कॉम्प्युटरवर वापरली, तर किमान ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. कमाईसाठी किंवा धंद्यात वापर नसेल तर कोर्ट कैद टाळून ५० हजारांपर्यंत दंडावर भागवू शकतं. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं ६५अ आहे, ते हक्कभंगाच्या हेतूने असलं डिजिटल कुलूप तोडण्याबद्दल. तुमच्या नेमक्या प्रसंगाला कुठलं कलम कसं लागतं, ते कार्यकारिणीने ओळखीच्या वकिलाला एकदा विचारून घ्यावं. मला त्यातून दिसतं ते एवढंच की कायद्यालाही अभ्यास वेगळा आणि प्रतींचा वापर वेगळा वाटतो, आणि घरचा वापर वेगळा आणि धंद्याचा वेगळा.

आता माझी फजिती सांगतो, म्हणजे मी हे नुसतं पुस्तकातून बोलत नाही हे कळेल.

२०१७ च्या पावसाळ्यात नाशिकरोडच्या एका फोटोग्राफरला मी हॅकिंटॉश करून दिला. लग्नाचे करिझ्मा अल्बम आणि व्हिडिओ हा त्याचा धंदा. त्याला व्हिडिओ एडिटिंगचं फायनल कट हवं होतं, आणि ते तेव्हा मॅकशिवाय चालत नव्हतं. खऱ्या आयमॅकचा भाव ऐकून तो गप्प झाला होता. मी एनव्हिडियाचं जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड टाकून मशीन बनवलं, क्लोव्हर बसवला. दिवाळीनंतर त्यावर हाय सिएरा ही मॅकओएसची तेव्हाची नवी आवृत्ती चढवली. एनव्हिडियाचा वेगळा ड्रायव्हर टाकला की ते कार्ड झकास पळायचं. वर्षभर मशीन मस्त चाललं. त्याने कॅबिनेटवर खरोखरच सफरचंद चिकटवलं होतं.

२०१८ च्या सप्टेंबरात ॲपलने मोहावी काढली. या आवृत्तीसाठी एनव्हिडियाचा तो ड्रायव्हर आलाच नाही, आणि पुढेही कधी आला नाही. मला हे माहीत होतं. फोटोग्राफरला माहीत नव्हतं, कारण मी त्याला सांगितलंच नव्हतं. नोव्हेंबरात तुळशीचं लग्न होऊन चार दिवस झालेले, लग्नसराईची धामधूम. त्याच्या भाच्याने कोपऱ्यात आलेली अपडेटची सूचना पाहिली आणि 'इन्स्टॉल' दाबलं. कॉम्प्युटर सुरू झाला, पण खिडकी सरकवली की मागे तिच्या चार सावल्या रेंगाळत होत्या. खालचा पारदर्शक डॉक करडा ठोकळा झाला होता. फायनल कट उघडायलाच तयार नाही. "भाऊ, उद्या नवरीकडचे हायलाइट बघायला येणारेत," त्याचा फोन रात्री साडेदहाला.

पुढच्या दोन रात्री मी त्याच्या दुकानात काढल्या. दुसऱ्या एसएसडीवर हाय सिएरा नव्याने टाकली. दर वेळी बूट होताना पांढऱ्या अक्षरांच्या ओळी पडद्यावर भराभर चढायच्या आणि एका ठरावीक ओळीवर येऊन थिजायच्या. मग परत कॉन्फिगची फाइल उघडायची, एक ओळ बदलायची, परत सुरू करायचं. पहाटे चारला लक्षात आलं की एका जागी 'नो' हवं तिथे मीच 'येस' लिहून ठेवलं होतं. फुटेज बाहेरच्या डिस्कवर होतं म्हणून वाचलं. त्याला मी मजुरी परत केली. तो काही बोलला नाही, पण त्यानंतर नवं मशीन त्याने माझ्याकडून घेतलं नाही.

यातून मी एक गोष्ट पक्की ठरवून टाकली: हॅकिंटॉश ज्याने बनवला त्यानेच वापरायचा. तो स्वतःचा स्वतः दुरुस्त करता येत असेल तर खुशाल करावा. दुसऱ्याच्या पोटापाण्याच्या मशीनवर तो बसवायचा म्हणजे त्याच्या डोक्यावर तलवार टांगून दोरी आपल्या हातात ठेवायची. मी हे काम घेणं सोडलं ते कायद्याच्या भीतीने नव्हे.

म्हणून तुमच्या त्या मुलाला मी दाखवू देईन. स्वतःचं मशीन आणावं, स्वतः करावं, बाकीच्यांनी पाहावं आणि प्रश्न विचारावेत. तो इतरांच्या मशीनला हात लावणार नाही, कोणाला फाइल देणार नाही. फायदा काय, असं विचाराल तर हॅकिंटॉश धडपणे चालवून दाखवणाऱ्या पोराला बूट कसं होतं, ईएफआय पार्टिशन (डिस्कवर बूटच्या फाइली ठेवणारा छोटा कप्पा) म्हणजे काय, बोर्ड आणि प्रणाली एकमेकांशी काय बोलतात, हे सगळं कळलेलं असतं. माझ्याकडे कामाला आलेल्या मुलांत दोघं असे होते. 'फॉरमॅट मारून विंडोज टाकून द्या' यापलीकडे दुरुस्ती असते हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही.

त्यातही एक बारीक गोष्ट आहे. कायदा सोडला तरी हॅकिंटॉशची तयार फाइल घेणं मुळातच मूर्खपणाचं आहे. ओपनकोरचा ईएफआय फोल्डर त्या त्या बोर्डासाठी बनवलेला असतो. यूएसबीचे पोर्ट, आवाजाची चिप, ग्राफिक्स, सगळं त्यात नेमकं लिहिलेलं. मित्राचा फोल्डर आपल्या मशीनवर टाकला तर नशीब चांगलं असल्यास अर्धं चालतं. शिवाय त्यात मॅकचा सीरियल नंबर घातलेला असतो. तोच नंबर दोन मशीनवर गेला की आयमेसेज, फेसटाइम अडकतात आणि दोघेही एकमेकांना शिव्या घालत बसतात. त्यामुळे पेनड्राइव्ह खिशात ठेवण्याचा नियम मुलांना तुम्ही कायद्याचं नाव न काढताही पटवू शकता.

आता त्या लाइट विंडोजकडे येतो. खरं सांगायचं तर मला हॅकिंटॉशपेक्षा याची जास्त धास्ती वाटते, आणि ज्येष्ठांचं इथे शंभर टक्के बरोबर आहे.

लोक तिकडे का वळतात हे मला कळतं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप घेऊन बसलेल्या माणसाला कोणीतरी सांगतं, "हे घे, यातला कचरा काढलाय, पळेल." आणि ते खरंच पळतं. पण कचरा म्हणून काय काढलं आणि आत काय घातलं, हे सांगणारा कोणी नसतो.

पंचवटीतला एक झेरॉक्सवाला माझ्याकडे आला होता. ऑनलाइन फॉर्म, दाखले, हे त्याचं काम. दोन तक्रारी होत्या. मराठी टायपिंगचा कीबोर्ड जोडायला गेला की एरर येतो, आणि डिजिटल सहीचा टोकन लावला तरी दिसत नाही. मी आधी टोकनचा ड्रायव्हर बदलला, पोर्ट बदलला, केबल बदलली. तासभर गेला. मग सर्व्हिसेसची यादी उघडली तर टोकनला लागणारी स्मार्ट कार्डची सर्व्हिस यादीतच नाही. अपडेटचीही नाही. विंडोजने भाषेचा भाग उतरवायचा कुठून? ज्याने ते विंडोज कापलं त्याला मराठी टायपिंग आणि डिजिटल सही दोन्ही कचरा वाटली होती. विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, डिफेंडर, तोही काढलेला. त्या मशीनवर रोज शंभर माणसांची आधार कार्डं स्कॅन होत होती. मी त्याला विचारलं, कोणी दिलं हे? "एका मित्राने, त्याच्याकडे छान चालतं." त्या मित्राला टोकन लागतच नसावा.

आणि हे बरं प्रकरण, कारण यात फक्त काढलेलं होतं. जून २०२३ मध्ये डॉक्टर वेब या रशियन अँटिव्हायरस कंपनीने टोरंटवर फिरणाऱ्या विंडोज १० च्या काही बदललेल्या प्रतींमध्ये चोर पकडला. कोणी क्रिप्टोच्या पाकिटाचा पत्ता कॉपी केला की तो गुपचूप चोराच्या पत्त्याने बदलायचा. आणि त्याने बस्तान बांधलं होतं ईएफआय पार्टिशनमध्ये. सी ड्राइव्ह फॉरमॅट मारला तरी त्या पार्टिशनला धक्का लागत नाही, आणि आपल्याकडे तर 'फॉरमॅट मारला की गेलं' हे सगळ्यांना वेदवाक्य. मॅकवाल्यांनीही हसू नये. २०१५ मध्ये चीनमध्ये ॲप्स बनवायचं ॲपलचं एक्सकोड लवकर मिळावं म्हणून लोकांनी ते दुसरीकडून उतरवलं, ते विषारी निघालं, आणि त्यातून बनलेली ॲप्स थेट ॲपलच्या ॲप स्टोअरमध्ये पोचली. लिनक्सवालेही सुटलेले नाहीत. २० फेब्रुवारी २०१६ ला लिनक्स मिंटची साइटच कोणीतरी फोडली आणि उतरवणाऱ्यांना चोरदरवाजा ठेवलेली प्रत मिळत राहिली.

म्हणून मी मुलांना एकच सवय लावेन. कोणतीही फाइल कट्ट्यावर आली की पहिला प्रश्न, ही कुठून उतरवली? बनवणाऱ्याकडून थेट आली असेल तर पुढे बोलू. विंडोज असेल तर मायक्रोसॉफ्टकडून, ओपनकोर असेल तर त्याच्या मूळ ठिकाणाहून, मॅकओएस ॲपलच्या सर्व्हरवरून. मग विंडोजमध्येच असलेल्या सर्टयुटिल या साधनाने तिचा हॅश, म्हणजे फाइलच्या बोटाच्या ठशासारखी अक्षरांची ओळ, काढायचा आणि मूळ ठिकाणी छापलेल्या हॅशशी ताडून पाहायचा. दोन मिनिटांचं काम, पण फळ्यावर एकदा करून दाखवा. हॅश जुळला नाही की संपूर्ण खोली गप्प होते, मी पाहिलंय. हलकं विंडोज हवंच असेल तर विंडोज ११ कापून हलकं करणाऱ्या टायनी११ वाल्यांची स्क्रिप्ट उघड आहे. मायक्रोसॉफ्टची मूळ प्रत घ्यायची, स्क्रिप्ट ओळीओळीने वाचायची, काय काढते ते बघायचं, आणि स्वतःच्या परवान्याच्या मशीनवर चालवायची. हे मी चर्चेत चालवून घेईन. तयार बनवलेली प्रत आणि तिच्याबरोबर येणारा, परवान्याशिवाय विंडोज चालू करणारा ॲक्टिव्हेटर, या दोन्हींना दाराबाहेर ठेवीन.

काही जण म्हणतील, मग सगळंच बंद करा, कटकटच नको. मी हेही एकदा करून पाहिलंय. माझ्या दुकानात काम करणाऱ्या मुलांना मी बजावलं होतं की हे विषय इथे नकोत. त्यांनी माझ्यासमोर बोलणं थांबवलं, करणं नाही. ते रात्री टेलिग्रामवर शिकत होते, आणि तिथे 'कुठून उतरवलं' असं विचारणारा माणूस नव्हता. माझ्यासमोर बोलले असते तर निदान मी ओरडलो असतो.

अर्थात सगळीकडे हेच लागू होईल असं नाही. तुमचं वाचनालय शासनमान्य असेल, अनुदान घेत असेल, तर तिथल्या संस्थेच्या मशीनवर असला एकही प्रयोग होता कामा नये. सहज गंमत म्हणूनही नाही. तपासणीला येणाऱ्याला हॅकिंटॉश आणि पायरेटेड विंडोज यातला फरक समजावत बसायची वेळ येऊ देऊ नका. कट्ट्यावर फी घेत असाल तर विचार आणखी कडक हवा, कारण मग तुम्ही शिकवून कमावताय आणि 'धंद्यात वापर' हा शब्द जवळ येतो. येणारे बहुतेक विद्यार्थी असतील तर थोडी मोकळीक ठीक. दुकानदार, सीएच्या ऑफिसातले, दवाखान्यातले लोक येत असतील, तर त्यांच्या कामाच्या मशीनबद्दल एकच उत्तर द्या: ओरिजिनल टाका, नाहीतर लिनक्स टाका. त्यांच्या मशीनमध्ये इतरांची माहिती असते.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. हॅकिंटॉश आता उतरणीला लागलाय. नोव्हेंबर २०२० मध्ये ॲपलने स्वतःची एम१ चिप आणली, २०२३ मध्ये मॅक प्रोही ॲपलच्याच चिपवर गेला, आणि मॅकओएस टाहो ही इंटेलवर चालणारी शेवटची आवृत्ती असल्याचं जून २०२५ मध्ये ॲपलनेच सांगून टाकलं. त्यापुढच्या आवृत्त्या आपल्या इंटेलच्या बोर्डावर कशाही पटवून चालायच्या नाहीत. म्हणजे आज नव्याने भाग विकत घेऊन हॅकिंटॉश बनवणं हा तोट्याचा सौदा. ज्याला कामासाठी मॅक हवा त्याने मॅक मिनी घ्यावा. २०२४ च्या शेवटी एम४चा १६ जीबीवाला ५९,९०० रुपयांपासून आला होता. माझ्या फोटोग्राफरच्या हॅकिंटॉशचं बिलही याच्या आसपासच झालं होतं. एवढे पैसे नसतील तर सेकंडहँड जुना इंटेलचा मॅकबुक घेऊन त्यावर ओपनकोर लेगसी पॅचर या साधनाने, ॲपल त्या मशीनला देत नाही अशी नंतरची मॅकओएस चढवता येते. तंत्र तेच, कौतुक तेच, आणि मशीन खरोखर ॲपलचं असल्याने परवान्याची ती अटही मोडत नाही. पहिल्या रविवारी हाच प्रयोग ठेवला तर तुमच्या ज्येष्ठांनाही हरकत घ्यायला जागा उरणार नाही, आणि तुमच्या मुलाला दाखवायचं ते सगळं दाखवता येईल. त्यांनाही समोर बसवा. चोरी कुठे सुरू होते ते त्यांनीच मुलांना सांगावं, फक्त आधी मुलांनी त्यांना बूट कसं होतं ते सांगावं. रविवारची मिसळ सोडून पंचवीस माणसं जिथे येतात, तिथे एवढं ऐकून घ्यायला ते तयार होतील.

मुलगा स्वतःच्या पीसीवरच करायचं म्हणत असेल, तर आधी त्याला ग्राफिक्स कार्डाचं नाव विचारा. एएमडीचं आरएक्स ५८० किंवा ६६०० असेल तर सकाळ आनंदात जाईल. एनव्हिडियाचं नवं कार्ड असेल तर त्याला तिथेच थांबवा, कारण पडदाच नीट येणार नाही. आरएक्स ७००० मालिकेलाही मॅकओएस ओळखत नाही. आणि ज्या डिस्कवर त्याचा कॉलेजचा प्रोजेक्ट आहे तिची केबल काढून मगच सुरू करायला सांगा. केबल काढलीय हे त्याच्या तोंडून ऐकू नका, कॅबिनेटचं झाकण उघडून स्वतः बघा.